मोड आलेली एक मटकी

प्रिय लंकाबाई,

तुम्हाला कुणी कधी पत्र पाठवलं असेल असं वाटत नाही, आणि मीही शेवटचं कधी लिहिलं ते आठवत नाही. फोन दोनदा लावून पाहिला. पहिल्यांदा तुमच्या वाडीला रेंज नव्हती. दुसऱ्यांदा होती, आणि तुमचा आवाज ऐकून मीच ठेवून दिला. म्हणून हे कागद. दुधाच्या गाडीवरचा भिका उद्या सकाळी आपटाळ्याच्या पुढे येईल, तेव्हा घरी आणून देईल. वाचून तुमची सूनच दाखवेल. स्नेहल, माझं अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच, पण मधलं काही गाळू नकोस. तुझ्याबद्दल एक-दोन वाक्यं आहेत, तीही वाच.

श्रावणातल्या अंगारकीला तुम्ही मागच्या दारानं निघून गेलात, त्याला पाच महिने होतील. काल पौषातली अंगारकी झाली. तुमची खबर मला भिकाकडूनच मिळत होती. भात झोडून झालं, नाचणी बरी आली, गुडघा दुखतो, असलं काहीबाही. मी ऐकायचे आणि दुधाचं भांडं पुढं करायचे. पण गेल्या आठवड्यात तो दूध ओतता ओतता म्हणाला, ‘‘लंकामावशीनं चतुर्थी सोडली, वहिनी. तीस वर्षांची धरलेली. म्हनती, येवढ्या लोकांचा उपास ज्या हातानं मोडला, त्या हातानं म्या कशाचा उपास धरू?’’ आणि मग आवाज खाली करून म्हणाला, की उपासाच्या दिवशी तुमची सून तुम्हाला चुलीपुढं बसू देत नाही. भांडत नाही, बोलत नाही, नुसती तुमच्या हातातून भांडं काढून घेते. स्नेहल, तुला हे वाचायला जड जात असेल. मी तुला दोष देत नाही. तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस, कानांनी ऐकलंस, त्यावरच चालली आहेस.

आधी हॉटेलचं सांगते. तुम्ही बारा वर्षं त्याला आपलं हॉटेल म्हणायचात, म्हणून मीही तुम्हाला लिहिताना आपलंच लिहिते. तुम्ही ओळखणार नाही आता. आमच्या आदेशनं टेबलांवर चौकोनी स्टिकर चिकटवलेत. त्याच्यावर मोबाइल धरायचा, मग मोबाइलमध्ये मेनू येतो, त्यात बोट लावून मागवायचं. तीनशे पायऱ्या उतरून आलेली म्हातारी माणसं स्टिकरकडं बघत बसतात. एक आजोबा म्हणाले, ‘‘आधी फोटो काढायचा आन् मग खायचं का?’’ कुणी हसलं नाही. मागवलं की टोकन, टोकनचा नंबर ओरडला की उठून ताट घ्यायचं. पाणी मागितलं की ‘‘तिकडं हाय, घ्या.’’ भिंतीवर पाटी लावली आहे, रस्सा एकदाच मिळेल. ती पाटी मी लावू द्यायला नको होती. परवा एक गृहस्थ ताट घेऊन तसेच उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘राव, आमी नाश्त्याला आलोय का रेशनच्या रांगंत?’’ त्यांचं टेबल अजून पुसलेलं नव्हतं.

वाढायला दोन माणसं ठेवली. महिनाभर टिकतात, मग दुसरी येतात. आत्ता जो आहे त्याच्या कानात सारखी ती मोबाइलच्या गाण्यांची बोंडं असतात. गिऱ्हाईक हात वर करतं, हलवतं, शेवटी खाली घेतं. खाली घेतलेला हात मला गल्ल्यावरून दिसतो. लोक मोबाइलवर आपल्याविषयी लिहितात, ते आदेश मला सकाळी वाचून दाखवतो. एकानं लिहिलंय, मिसळ गरम, माणसं थंड. एकानं लिहिलंय, वडिलांनी तीनदा पाणी मागितलं, चौथ्यांदा मीच उठलो आणि बाकीच्या टेबलांनाही देऊन आलो. आदेश सगळ्यांना एकच उत्तर देतो, धन्यवाद, पुन्हा भेट द्या. ते पुन्हा येत नाहीत. एकानं मात्र लिहिलं होतं, पूर्वी इथं एक मावशी होत्या, त्या दिसल्या नाहीत. त्याला आदेशनं उत्तर दिलं नाही. मला विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, राहू दे.

तुम्ही आलात तो दिवस मला आठवतो. तुमच्याकडची भातकापणी आटोपली होती आणि तुम्ही भांडी घासायला म्हणून आला होतात. तिसऱ्या दिवशी वाढपी आला नाही म्हणून मी तुमच्या हातात रश्शाची बादली दिली, आणि ती बादली नंतर तुमच्या हातून कुणी घेतली नाही. मी बी.ए. झालेली, पण गिऱ्हाइकाला कसं वाढावं हे मला तुम्ही शिकवलं. सुरुवातीला मी टेबलापाशी जाऊन, अजून हवंय का, असं विचारायचे. तुम्ही मला बाजूला घेतलंत. ‘‘वहिनी, इचारू नगा. इचारलं की मानूस लाजतं, पोट भरलं नसंल तरी न्हाई म्हनतं. आपन वाढायचं. नको असंल तर हात आडवा करंल. हात आडवा झाला की मातर थांबायचं, मग एक थेंबसुदिक न्हाई.’’ एवढंच तुमचं शास्त्र. तुम्ही लोकांच्या तोंडाकडं बघायचाच नाहीत, ताटाकडं बघायचात. पाव संपायच्या आत रस्सा, रस्सा संपायच्या आत पाव. कुणी हाक मारायच्या आधी तुम्ही तिथं असायचात, त्यामुळं आपल्या हॉटेलात कधी हाकाच ऐकू यायच्या नाहीत. आता दिवसभर हाका असतात.

आणि चतुर्थीचं तुमचं काम तर वेगळंच. पहाटे अंघोळ करून यायचात. मागची चूल वेगळी, पातेली वेगळी, शेंगदाण्याच्या आमटीची बादली वेगळी, तिच्या कडीला पांढरी चिंधी. आमटीला हळद नाही, मोहरी नाही, साध्या मिसळीचं वारंसुद्धा लागायला नको म्हणून तुम्ही मागच्या बाजूला पडदा लावून घेतला होता. आणि ती माहेरून आणलेली पितळी पळी. बादलीजवळ ती तुम्ही कधीच ठेवली नाहीत. पाच पावलं लांब जायचं असलं तरी धुऊन, पुसून, कमरेला खोचून जायचात. मी एकदा हसले होते. तुम्ही म्हणालात, ‘‘हितं ठिवली की कुनीबी उचलून कशातबी बुडवतंय. घाईच्या मान्साला बादल्या सारख्याच दिसत्यात.’’ लोक लेण्याद्रीहून उतरायचे ते उपासाची मिसळ आपल्याकडंच खायला. त्यांचा विश्वास आपल्या पाटीवर नव्हता, तुमच्या पळीवर होता.

तो दिवस मला लिहायला हवा. गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लागल्या होत्या, आत उभं राहायला जागा नव्हती. दहाच्या सुमारास स्नेहल आणि तिची आई दर्शन करून आल्या. तुमच्या विहीणबाई पहिल्यांदाच तुमचं काम बघायला आल्या होत्या. तुम्ही केवढ्या हरखला होतात! ‘‘वहिनी, इहीन आलीया, दोन मिन्टं जाऊ का?’’ मीच म्हटलं, जा. पळी कमरेला खोचून तुम्ही गेलात, खिडकीजवळचं टेबल स्वतः पुसलंत. विहीणबाईंना साखरेचा त्रास, उपास झेपत नाही, म्हणून त्यांना तुम्ही तुमच्या हातानं साधी मिसळ नेऊन दिलीत. इकडं उपासाची सगळी टेबलं ओरडत होती. ताटांवर चमचे वाजत होते. आमटी एकदा सगळ्या टेबलांवर फिरली. आणि मग भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी बोट वर केलं. बोटाच्या टोकावर मोड आलेली एक मटकी होती.

त्या पेठच्या ठकूबाई. त्यांचा नातू शौर्य चार वर्षांचा होऊन बोलत नव्हता, त्याच्यासाठी त्यांनी एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या. ती एकविसावी होती. त्या ओरडल्या नाहीत. शेजारचा माणूस ओरडला, मग त्याच्या शेजारचा. त्या बादलीतली आमटी तीस-पस्तीस ताटांत गेली होती. कुणी ताट ढकललं, कुणी बाहेर जाऊन घशात बोटं घातली. मोबाइल वर झाले. कुणी वाढलं, कुणी वाढलं, असं सगळे मलाच विचारत होते. तेव्हा मी तुमच्याकडं बोट केलं. नाव घेऊन सांगितलं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. ‘‘डोंगरातल्या माणसाला उपासतापासातलं काय कळतंय’’, असं म्हणाले. तुमच्या विहिणीसमोर, सुनेसमोर. तुम्ही आधी स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलंत, मग विहीणबाईंच्या ताटातल्या मिसळीकडं. त्या वेळी तुमच्या मनात काय आलं, ते मला भिका बोलला तेव्हा कळलं. विहिणीची मिसळ घेताना साध्या मिसळीला लागलेला हात आपण तसाच आमटीच्या बादलीलाही लावला असणार, असं तुम्हाला वाटलं. पाच महिने तुम्ही तेच धरून बसला आहात. कमरेची पळी काढून, धुऊन तुम्ही चुलीवर ठेवलीत आणि गेलात. त्या दिवसाचा पगारसुद्धा घ्यायला आला नाहीत.

मधल्या काळात मी स्वतःची समजूत घालायचे खूप प्रयत्न केले. मार्गशीर्षात आदेशच्या बाबांचे डोळे दाखवायला पुण्याला जायचं होतं. मी म्हटलं, वाटेत नाश्ता करू, दुसरे कसं चालवतात ते तरी बघू. पेठजवळ हायवेला एका मोठ्या काचेच्या हॉटेलात बसलो. पंचवीस मिनिटं कुणी आलं नाही. मग एक जण आला, आमच्याकडं न बघता म्हणाला, ‘‘कूपन काढलं का?’’ कूपन काढलं. ह्यांनी पोहे सांगितले होते, आलं उपीट. सांगितलं तर म्हणतो, ‘‘तेच खा ना काका, दोन्ही गरमच हाय.’’ हे बिचारे खाऊन मोकळे झाले. येताना दुसरीकडं थांबलो, तिथं आमचा चहा संपायच्या आधीच ओल्या फडक्यानं टेबल पुसायला लागले, पुढची माणसं उभी होती म्हणून. सगळीकडं असंच आहे, आपण एकटेच बिघडलो नाही, हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उपीट आणणाऱ्या त्या माणसाचा मला रागही आला नाही. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. शिकवणारं माणूस त्या हॉटेलातही कधीतरी असेल, आणि माझ्यासारख्या कुणीतरी ते घालवलं असेल, एवढंच मनात आलं.

आता कालचं. चतुर्थीचं उपासाचं काम आपण दसऱ्यानंतर बंदच केलं. काल अंगारकी असून निम्मी टेबलं रिकामी. अकराच्या पुढं ठकूबाई आल्या. मी त्यांना बघून उठलेच. त्या आत आल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसल्या, पिशवीतून डबा काढला, घरून आणलेली भगर होती. मला म्हणाल्या, ‘‘पानी तेवढं दे बाई, पानी चालतं.’’ मी तांब्या घेऊन गेले आणि तिथंच उभी राहिले. त्यांनी परत पहिलीपासून मोजायला घेतलं आहे. कालची पाचवी. नातू बोलायला लागला का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनीही सांगितलं नाही. खाता खाता त्यांनी विचारलं, ‘‘ती वाढनारी बाई कुठंय?’’ मी म्हटलं, गेली काम सोडून. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, ‘‘मला लांबचं दिसत न्हाई, पन जवळचं लई चांगलं दिसतं. त्या दिशी वाढनारीचं तोंड म्या बघितलं न्हाई, हात बघितला. म्या हात आडवा केला व्हता, पोट भरलं व्हतं माझं. तरीबी वरून वाढलं. बोटांवर सांडलं माझ्या. पडलेलं टाकायचं कसं म्हनून खाल्लं म्या. आन् त्या हातात मनगटभर हिरवी काच व्हती. तुझी ती बाई तर बिनबांगड्याची.’’

मी तांब्या खाली ठेवला. विचारलं, आजी, मग तेव्हाच का बोलला नाहीत? डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, ‘‘लोकं तुझ्या अंगावर आली असती. मला वाटलं, सांजच्याला गर्दी हटली की तूच बोलशील. त्या बाईच्या घरी जाशील. न्हाई गेलीस व्हय?’’ एवढं बोलून त्या उठल्या, एसटी यायची होती. जाताना बाक पदरानं पुसून गेल्या.

लंकाबाई, तुमचे यजमान गेले त्याला पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून तुम्ही हातात काच घातली नाहीत. त्या अंगारकीच्या आदल्या दिवशी, श्रावणी सोमवारी, जुन्नरला कासाराकडं जाऊन मनगटभर हिरव्या बांगड्या मी भरून आले होते. तुम्ही विहीणबाईंकडं गेलात, ओरडा वाढला, तेव्हा पांढऱ्या चिंधीची बादली मी उचलली. पळी तुमच्या कमरेला होती. म्हणून साध्या मिसळीच्या बादलीतलं ओगराळं उपसलं, एकदा झटकलं आणि आमटीत बुडवलं. ते चूक आहे हे मला बुडवतानाच कळलं होतं. वाटलं, एका फेरीचा तर प्रश्न आहे. ठकूबाईंचा आडवा हातही मला दिसला होता, पण मी पुढच्या ताटाकडं बघत होते. आणि लोकांनी विचारलं तेव्हा माझ्या मनात काय आलं, तेही लिहिते. मालकिणीचं नाव आलं तर हॉटेल बसेल, कामाला असलेल्या बाईचं आलं तर लोक चार दिवसांत विसरतील. हॉटेल तरीही बसलं. या महिनाअखेर आपण ते बंद करतो आहोत. आदेश चाकणला कंपनीत लागतोय, जागा मोबाइलच्या दुकानाला दिली आहे. म्हणजे परत या म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, परत यायला आता काही उरलेलं नाही. तोंडी येऊन सांगितलं असतं, तर तुम्ही ‘‘जाऊ द्या वहिनी’’ म्हणून चहा ठेवला असता आणि ते आपल्या दोघींतच राहिलं असतं. मी बोट केलं ते चारचौघांत. तेव्हा हे तुम्हाला स्नेहलच्याच तोंडून ऐकू यायला हवं होतं, म्हणून कागदावर लिहिलं. स्नेहल, आता हे आईला माहेरी फोन करून वाचून दाखव, आणि घरात कुणी असेल त्याच्यासमोर परत एकदा मोठ्यानं वाच: तुझ्या सासूच्या हातून कुणाचा उपास मोडला नाही. तो उज्ज्वलानं मोडला. पत्राबरोबर ती पळी आहे, चिंचेनं घासून दिली आहे. भिकाला सांगितलंय, लंकाबाईंच्याच हातात द्यायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. पुढची चतुर्थी तुम्ही धरा. आणि मला माफ करा असं लिहावंसं वाटतं, पण त्याला तुम्ही हात आडवा केलात तरी तो मला कळेल. या खेपेला मी वरून वाढणार नाही.

तुमचीच,
उज्ज्वला